जबाब त्याचा, शब्दही त्याचेच : बौद्धिक अक्षमता असलेल्या पीडितांसाठीच्या एका साहाय्य-सेवेचा अभिप्राय

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. त्याला मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे. तो स्वतःची रोजची कामे स्वतः करतो, ओळखीच्या रस्त्याने एकटा ये-जा करतो, पैसे मोजताना मात्र गोंधळतो आणि कोणी आवाज चढवला की समोरचा म्हणेल त्याला ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ज्या माणसाला तो दोन वर्षे मित्र मानत होता त्याने त्याचे बँकेचे कार्ड वापरून पैसे काढले, आणि भावाने कार्ड परत मागितले तेव्हा त्याला मारहाण केली. फिर्याद दाखल झाल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या १४ महिन्यांत आम्ही पीडितांना साहाय्य करणाऱ्या एका संस्थेची सेवा घेतली. या संस्थेत बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी स्वतंत्र विभाग आहे. तिचे नाव मी देत नाही. नावावरून आणि खटल्यावरून भावाची ओळख पटू शकते, आणि ती उघड करावी की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे. मी त्याला विचारले, तो नको म्हणाला. बाकीचे लिहायला त्याची संमती आहे आणि हा मजकूर मी त्याला टप्प्याटप्प्याने वाचून दाखवला आहे.

सेवा कशी होती हे समजण्यासाठी ती मिळण्यापूर्वी काय झाले ते सांगणे आवश्यक आहे. भावाचा पहिला जबाब कोणत्याही साहाय्याशिवाय, घाईत, तीन-चार माणसांच्या वावरात नोंदवला गेला. “त्याने तुला ढकलले ना?” या प्रश्नाला त्याने ‘हो’ म्हटले. थोड्या वेळाने “की तूच पाय घसरून पडलास?” असे विचारले गेले, त्यालाही त्याने ‘हो’ म्हटले. दोन्ही उत्तरे कागदावर आली आणि त्यांच्यातील विसंगतीवरून याच्या बोलण्यावर विसंबता येणार नाही असा निष्कर्ष निघाला. खरे तर ही विसंगती त्याच्या आठवणीत नव्हती, प्रश्नांच्या बांधणीत होती. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना हो-नाही स्वरूपाचे प्रश्न विचारले तर त्यांचा कल होकाराकडे झुकतो, आणि एकमेकांना छेद देणाऱ्या दोन प्रश्नांनाही त्या ‘हो’ म्हणू शकतात, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले होते. म्हणजे हे ज्ञान चाळीस वर्षांहून जुने आहे. ते जबाब घेणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचलेले नसते, आणि त्याची किंमत जबाब देणारा मोजतो.

अशा पार्श्वभूमीवर आम्ही या सेवेकडे गेलो. पहिल्या भेटीत कार्यकर्ती माझ्याशी न बोलता आधी भावाशी बोलली. तिने स्वतःचे नाव सांगितले, तिचे काम काय आहे ते दोन छोट्या वाक्यांत सांगितले, आणि “बहीण इथे बसलेली चालेल का, की बाहेर थांबू दे?” असे त्यालाच विचारले. चौतीस वर्षांत डॉक्टर, कारकून, शिक्षक, नातेवाईक अशा असंख्य माणसांनी त्याच्यासमोर बसून त्याच्याबद्दल मला प्रश्न विचारले आहेत, त्यामुळे हा क्षण माझ्या लक्षात राहिला. तो मात्र आधी गडबडला आणि सवयीने माझ्याकडे पाहू लागला. ती थांबून राहिली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “बसू दे.”

पहिल्या दोन भेटींत गुन्ह्याचा विषयच निघाला नाही. संस्थेने नेमलेली संवादसाहाय्यक, म्हणजे प्रश्न आणि उत्तरे दोन्ही बाजूंना नीट समजावीत म्हणून मदत करणारी व्यक्ती, पेशाने वाचा-उपचारतज्ज्ञ होती, आणि तिला फक्त भावाची संवादाची रीत समजून घ्यायची होती. एका वाक्यात किती शब्द आले तर त्याला अर्थ धरता येतो, ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे शब्द तो नेमके वापरतो का, दिवस आणि तारखा सांगता येत नसतील तर वेळ कशाच्या आधाराने सांगतो, नकार कसा देतो, थकल्यावर काय करतो, असे ती खेळ, चित्रे आणि साध्या गप्पा यांतून पाहत होती. तिच्या लक्षात आले की त्याला तारीख सांगता येत नाही, पण चित्रकलेच्या वर्गाचा दिवस त्याला पक्का ठाऊक असतो आणि बाकीच्या घटना तो त्या दिवसाच्या अलीकडे-पलीकडे अचूक मांडतो. त्याच्या बाबतीत गप्प बसणे म्हणजे नकार असू शकतो, हेही तिने टिपले. मला ते माहीत होते, पण मी कधी कोणाला शब्दांत सांगितले नव्हते. या भेटींवरून तिने दोन पानांचे टिपण तयार केले. ते तपास अधिकाऱ्याला, सरकारी वकिलांना आणि पुढे न्यायाधीशांना दिले गेले. संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे कोणी विचारले तर मी या दोन पानांकडे बोट दाखवीन, कारण त्यानंतर भावाला प्रत्येक नव्या माणसासमोर स्वतःला सिद्ध करत बसावे लागले नाही.

नवा जबाब ध्वनिचित्रमुद्रित करण्यात आला. त्यापूर्वी झालेला सराव मला फार शहाणपणाचा वाटला. संवादसाहाय्यकाने त्याला विचारले, “माझ्या आजीचे नाव काय?” त्याने क्षणभर विचार करून एक नाव ठोकून दिले. ती म्हणाली, “तू माझ्या आजीला कधी भेटला नाहीस. मग तुला नाव माहीत असेल का?” तो नाही म्हणाला. “मग काय सांगायचे?” असे दोन-तीनदा वेगवेगळ्या प्रश्नांवर झाल्यावर ‘माहीत नाही’ हेही उत्तर असते आणि ते दिल्याबद्दल कोणी रागावत नाही हे त्याला पटले. शाळेपासून ज्याला प्रत्येक प्रश्नाचे काहीतरी उत्तर द्यावेच लागले, त्याच्यासाठी ही सूट फार मोठी होती. त्याच्यासमोर तीन कार्डे ठेवली होती : ‘थांबा’, ‘समजले नाही’ आणि ‘माहीत नाही’. प्रत्यक्ष मुलाखतीत त्याने तिन्ही वापरली.

मी खोलीत नव्हते. पुढे न्यायालयात ते ध्वनिचित्रमुद्रण दाखवले गेले तेव्हा पाहिले. पहिला प्रश्न होता, “काय झाले ते सांग.” त्यानंतर बहुतेक वेळ “मग?”, “अजून?”, “त्या खोलीबद्दल सांग” इतकेच. प्रत्येक प्रश्नानंतर अधिकारी गप्प बसत होते आणि ती शांतता पाहणाऱ्याला अस्वस्थ करण्याइतकी लांबत होती, पण त्या शांततेच्या शेवटी बहुतेक वेळा भावाचे पुढचे वाक्य येत होते. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न त्यांनी टाळला, कारण “तू त्याला कार्ड का दिलेस?” हे त्याला दोषारोपासारखे ऐकू येते. एका वाक्यात दोन प्रश्न घातले नाहीत. “तो तेव्हा तिथे नव्हता, बरोबर ना?” अशी नकारार्थी, शेवटी होकार मागणारी वाक्ये वापरली नाहीत. आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा झाला तर “तुझे उत्तर चुकले नाही, मला नीट कळले नाही” असे आधी सांगितले, कारण प्रश्न दुसऱ्यांदा आला की आपले पहिले उत्तर चुकले असे समजून तो ते बदलतो. यांतील एकही गोष्ट महागडी किंवा अवघड नाही. पण यांतील एक जरी सुटली तरी कागदावर वेगळाच जबाब उमटतो.

चित्रांच्या वापराबाबत संस्थेने दाखवलेला संयमही नोंदवण्यासारखा आहे. अशा सेवांमध्ये चित्रकार्डांचे संच असतात आणि ते उत्साहाने पुढे केले जातात. परंतु संचात जे चित्र आहे तेच घडले असावे असे सुचवण्याची ताकद त्यांत असते, आणि जे घडले त्याचे चित्रच नसेल तर व्यक्ती जवळचे दुसरे चित्र उचलते. इथे भावाने स्वतःच्या शब्दांत सांगून झाल्यावरच चित्रे आणली गेली, तीही जागा आणि माणसांचा क्रम स्पष्ट करण्यापुरती, आणि त्यांत एक कोरे कार्ड होते, ज्याचा अर्थ ‘यातले काहीच नाही’ असा त्याला समजावून दिलेला होता.

भावाने चोरी हा शब्द एकदाही वापरला नाही. तो म्हणाला, “कार्ड त्याच्या घरी राहायला गेले.” पिन कसा कळला यावर म्हणाला, “तो म्हणाला मित्राला आकडा सांगतात. मी मित्र आहे.” जबाबाची लेखी प्रत तयार होताना या वाक्यांच्या जागी ‘आरोपीने विश्वास संपादन करून कार्ड हस्तगत केले’ असे घालण्याचा प्रयत्न झाला. संवादसाहाय्यकाने त्याला ठाम विरोध केला आणि मूळ वाक्ये जशीच्या तशी ठेवून घेतली. उलटतपासणीत बचाव पक्षाने जबाब पढवलेला असल्याचे सुचवले तेव्हा हीच वाक्ये उपयोगी पडली. कार्ड राहायला गेले असे वाक्य पढवून कोणी घेत नाही.

मला खोलीबाहेर बसवले याचे तेव्हा वाईट वाटले होते. मी त्याची भाषा सर्वांत चांगली जाणते असे मला वाटत होते, आणि ते खरेही आहे. पण उत्तर देण्यापूर्वी तो माझ्या चेहऱ्याकडे पाहतो, हे पहिल्या भेटीतच त्यांनी पाहिले होते. शिवाय पैसे गेल्याचे मला आधी कळले होते, त्यामुळे मी स्वतः साक्षीदार होते. आणि याहून गंभीर कारण असे की अनेक प्रकरणांत अत्याचार करणारी व्यक्ती घरातली, सांभाळणारी किंवा ने-आण करणारीच असते. त्यामुळे प्रत्येक पीडिताला किमान एकदा एकट्याने भेटणे हा त्यांचा नियम आहे आणि तो माझ्यासाठी मोडला गेला नाही हे योग्यच झाले. अशा व्यक्ती गुन्ह्यांच्या किती जवळ जगतात याची कल्पना थोड्या आकड्यांवरून येते. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या सर्वेक्षणात २०१७ ते २०१९ या काळात अपंगत्व नसलेल्या दर १,००० व्यक्तींमागे हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण १२.३ होते, अपंगत्व असलेल्यांत ४६.२ आणि आकलनविषयक अक्षमता असलेल्यांत ८३.३. या शेवटच्या गटात केवळ बौद्धिक अक्षमता मोजलेली नाही, आणि निवासी संस्थांत राहणाऱ्यांना या सर्वेक्षणात धरलेलेच नाही. मुलांच्या बाबतीत, २०१२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात, मानसिक किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना लैंगिक हिंसेचा धोका इतर मुलांच्या ४.६ पट असल्याचे नोंदवले आहे. हे आकडे वाचल्यावर दाराबाहेर बसण्याचे दुःख मी मागे टाकले.

न्यायालयाची तयारी चांगली झाली. रिकाम्या न्यायकक्षात दोनदा नेले, कोण कुठे बसते ते दाखवले, आणि भावाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून पाहिले. साक्षीपूर्वी न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे वकील आणि संवादसाहाय्यक यांची बैठक झाली. त्यात प्रश्नांची लांबी, दर २० मिनिटांनी विश्रांती आणि टाळायच्या वाक्यरचना ठरल्या. ही पद्धत इंग्लंड आणि वेल्समध्ये रुळलेली आहे. तिथे १९९९ च्या कायद्याने साक्षीदारासाठी असा संवादसाहाय्यक नेमण्याची तरतूद केली आणि पुढे अशा पूर्वबैठकींची रीत पडली. संवादसाहाय्यक पीडिताच्या बाजूचा नसतो, त्याची बांधिलकी न्यायालयाशी असते, आणि तो पीडिताच्या वतीने उत्तर देत नाही. सुरुवातीला मला हा तटस्थपणा कोरडा वाटला. परंतु बचावाच्या वकिलांनी जेव्हा एकाच दमात तीन उपवाक्यांचा प्रश्न विचारला आणि संवादसाहाय्यकाने हात वर करून प्रश्न तोडण्याची विनंती केली, तेव्हा तिच्या त्या तटस्थपणामुळेच न्यायाधीशांनी ती लगेच मान्य केली. उलटतपासणी सौम्य झाली असे कोणी समजू नये. “तू पैसे स्वतः खर्च केलेस का?” हा प्रश्न सहा शब्दांत विचारता येतो आणि तो तितकाच कठोर असतो. फरक एवढाच की त्याला तो समजला, आणि त्याने “नाही” म्हटले.

भाऊ साक्ष देण्यास सक्षम आहे का, हा प्रश्नही आला. सत्य म्हणजे काय ते सांग, असे त्याला विचारावे अशी मागणी झाली. व्याख्या करणे आणि खरे बोलणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या एका तरुणीच्या प्रकरणात बहुमताने हेच म्हटले होते : घडलेले सांगता येत असेल आणि खरे बोलण्याचे वचन दिले असेल तर प्रौढ साक्षीदाराला सत्याच्या कर्तव्याविषयी तात्त्विक प्रश्न विचारून बाद करता येणार नाही. संस्थेच्या विधी सल्लागारांना हा मुद्दा नीट ठाऊक होता आणि त्यांनी सरकारी वकिलांना तो वेळेत पुरवला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील कलम १३ न्यायप्रक्रियेत अशा सोयी देण्याचे बंधन घालते, तेव्हा ही कोणाची मेहेरबानी नव्हती, हेही त्यांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते.

आता उणिवा. प्रतीक्षाकक्ष गोंगाटाचा आणि भगभगीत उजेडाचा आहे. स्वमग्नता असलेल्या व्यक्तीला तिथे अर्धा तास बसवणे म्हणजे मुलाखतीपूर्वीच तिची शक्ती संपवणे होय. सोप्या भाषेतील माहितीपुस्तिका सोपी नाही. तिच्यात चित्रे मोठी आहेत, पण ‘पीडित’, ‘आरोपी’, ‘नुकसानभरपाई’ हे शब्द कुठेही उलगडलेले नाहीत, आणि छापण्यापूर्वी ती बौद्धिक अक्षमता असलेल्या एकाही व्यक्तीला वाचायला दिली नव्हती असे विचारल्यावर कळले. बोलता न येणाऱ्या आणि फलकाच्या किंवा यंत्राच्या साहाय्याने संवाद साधणाऱ्या व्यक्तींसाठी तज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो, त्यात आठवडे जातात.

याहून जास्त दुखावणारी गोष्ट सातव्या महिन्यात घडली. आमची कार्यकर्ती दुसऱ्या विभागात गेली आणि पुढच्या भेटीला नवी व्यक्ती समोर आली. आम्हाला आधी कळवले नव्हते. भाऊ कितीतरी दिवस विचारत होता, “ती माझ्यावर रागावली का?” ज्या माणसाला मित्राने फसवले आहे त्याच्या आयुष्यातून विश्वासाचे माणूस न सांगता नाहीसे होणे काय असते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना सांगावे लागू नये. निरोपाची एक भेट, नव्या व्यक्तीचे एक छायाचित्र, एवढे पुरले असते.

समुपदेशनाबाबत माझी तक्रार सर्वांत मोठी आहे. घटनेनंतर भाऊ रात्री दाराची कडी पुन्हा पुन्हा पाहू लागला होता, चित्रकलेच्या वर्गाला जाण्याचा त्याचा रस्ता त्याने सोडून दिला होता, आणि जेवताना एकाएकी उठून जात होता. पहिल्या समुपदेशकाने याची नोंद ‘अक्षमतेशी संबंधित वर्तन’ अशी केली. ही चूक फार ठिकाणी होते : भीतीची सगळी लक्षणे आधीच्या निदानाच्या खात्यात जमा होतात आणि आघात दिसेनासा होतो. या सवयी घटनेपूर्वी नव्हत्या हे मी तारखांसह दाखवल्यावर नोंद बदलली, सहा सत्रे मिळाली, चित्रांच्या आधाराने घेतलेल्या त्या सत्रांचा त्याला स्पष्ट उपयोग झाला, आणि सहावे सत्र संपताच ती बंद झाली. निकाल लागला त्या दिवशी तर सेवाच संपली. निकाल भावाच्या बाजूने लागला. पण कडी पाहणे त्याने निकालानंतर चार महिन्यांनी थांबवले, आणि ते चार महिने आम्ही एकटे होतो.

सुरक्षिततेसाठी काय करावे यावर त्याच समुपदेशकाने खाते बंद करून कार्ड माझ्याकडे घ्यावे आणि भावाला एकट्याने बाहेर सोडू नये असा सल्ला दिला होता. मी तो मानला नाही. गुन्हा दुसऱ्याने करावा आणि बंदिवास याच्या वाट्याला यावा, हे मला मान्य नव्हते. पहिल्या कार्यकर्तीने, जाण्यापूर्वी, बँकेशी बोलून एका वेळी काढता येणाऱ्या रकमेवर मर्यादा घालून घेतली होती, आणि भावासोबत बसून ‘मित्र पैसे मागतो तेव्हा मी काय म्हणतो’ याचा सराव केला होता. कार्ड आजही त्याच्याच खिशात आहे.

या सेवेकडे जाणाऱ्यांनी पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : संवादसाहाय्यक जबाबापूर्वी किती वेळा भेटेल, कार्यकर्ती बदलली तर आधी कळवले जाईल का, आणि निकालानंतर समुपदेशन किती काळ मिळेल. पहिल्याचे उत्तर चांगले मिळेल. दुसऱ्या दोन्हींचे लेखी मागावे. आणि जबाब अद्याप नोंदवला गेला नसेल तर घरात त्या व्यक्तीला पुन्हा पुन्हा विचारून तयारी करून घेऊ नये. जे आपणहून सांगितले जाईल ते त्याच शब्दांत, तारखेसह, लिहून ठेवावे.

संस्थेने शेवटी अभिप्रायाचा अर्ज दिला तो चार पानांचा, बारीक अक्षरांतला आणि माझ्या नावाने होता. मी तो परत केला आणि भावाचा अभिप्राय भावाकडून घ्यावा असे लिहिले. तीन आठवड्यांनी संवादसाहाय्यक एक कापडी चटई आणि छायाचित्रे घेऊन घरी आली. चटईचे तीन भाग होते : आवडले, नाही आवडले, मधले. त्याने पहिल्या कार्यकर्तीचे छायाचित्र ‘आवडले’मध्ये ठेवले, आणि ‘थांबा’चे कार्डही. प्रतीक्षाकक्ष ‘नाही आवडले’मध्ये गेला. न्यायकक्षाचे छायाचित्र त्याने बराच वेळ हातात धरले आणि मधे ठेवले. “मधे ठेवलेस, त्याबद्दल सांग,” ती म्हणाली आणि थांबून राहिली.

“माहीत नाही,” तो म्हणाला. तिने तेच लिहून घेतले.